आधी बघू दे

मी माने आप्पांवर लिहायला बसले आणि सवयीने पहिल्या दोन ओळी घोषणाच आल्या. त्या खोडल्या. पत्रकं लिहून लिहून हात असा झालाय की आईला चिठ्ठी लिहिली तरी शेवटी 'झालंच पाहिजे' येतं. माझी पत्रकं आप्पांना खोटी वाटायची असं नाही. ते एवढंच म्हणायचे, "पोरी, तुजं समदं खरं हाय. पर कुणी बघत नसताना सांगतीयास." हे मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता रागही येत नाही. तेव्हा यायचा. भरपूर.

गोष्ट नेदरलँड्समधल्या टिलबर्गची, करोनाच्या पहिल्या वर्षातली. एक विद्यापीठ आणि बाकी गोदामंच गोदामं, असं ते गाव. मी विद्यापीठात शिकत होते, आणि शिकण्यापेक्षा जास्त वेळ परदेशी विद्यार्थ्यांच्या घरांसाठी भांडत होते. भिंतींना बुरशी, दारं लागत नाहीत, आणि तक्रार केली की मालक म्हणणार, तुम्ही खिडक्या उघडत नाही म्हणून बुरशी येते. मी लेखी तक्रार केली. माझा करार पुढे वाढवला गेला नाही. मग संदीप माने आणि अर्चना या जोडप्याने त्यांच्या घराचा पोटमाळा मला दिला. संदीप एका गोदाम कंपनीच्या आयटीत, अर्चना अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास या बँका-कचेऱ्यांच्या भागातल्या एका बँकेचं काम करायची. म्हणजे आधी रोज ट्रेनने जायची, आणि मार्चपासून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. त्यांची मुलगी जुई अडीच वर्षांची. आणि संदीपचे वडील, आप्पा.

आप्पा सातारा जिल्ह्यातल्या एका एसटी डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाले, बायको गेली, मग नात बघायला म्हणून फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले आणि मार्चमध्ये विमानंच बंद झाली. मी सहानुभूतीने म्हणाले, "आप्पा, अडकलात की हो तुम्ही."

"अडकलो म्हनू नको," आप्पा म्हणाले. "गाडी बंद पडली की डायवर अडकतो, पाशिंजर अडकतात. मेकॅनिक कुटला अडकतोय? त्याचं तर काम सुरू हुतं."

आणि खरंच झालं. अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, डोक्याला माकडटोपी, उजव्या खिशात चिंधी आणि डाव्या खिशात तेलाची बुधली. ही लांब चोचीची छोटी पत्र्याची बुधली त्यांनी डेपोतून आठवण म्हणून मागून घेतली होती आणि सुनेसाठी आणलेल्या साडीत गुंडाळून थेट नेदरलँड्सला आणली होती. नखांच्या कडेला चाळीस वर्षांच्या साबणाला न जुमानलेली काळी रेघ. कुठलाही आवाज नीट ऐकायचा असला की एक डोळा मिटायचे. टिलबर्गच्या रस्त्यावरून चालताना शेजारून जाणाऱ्या अनोळखी सायकलींचं निदान करायचे. "मागलं बेअरिंग गेलंया." "चेन ढिली हाय." पुढे निघून गेलेल्या उंच डच बाईला याचा पत्ताही नसे.

घरात त्या वेळी एकच काळजी होती. जुई बोलत नव्हती. बहिरी नव्हती, मंद नव्हती. सगळं समजायचं, हवं ते बोटाने दाखवायची, पण शब्द मोजून पाच-सहा. पाळणाघरात डच, घरात मराठी, आईबापांचं आपसात निम्मं इंग्रजी. आता पाळणाघरही बंद. म्हणून त्या घरात शब्दांचा नुसता मारा चालला होता. अर्चना दोन कॉलच्या मधल्या पाच मिनिटांत चित्रांची कार्डं नाचवायची: "जुई, बघ, सफरचंद! से अ‍ॅपल! अप्पल!" संदीपने टॅबवर कसलंसं अ‍ॅप लावून दिलं होतं, त्यातून एक बाई गाऊन गाऊन प्राण्यांची नावं सांगायची. मीही हातभार लावला. खोटं कशाला बोलू? जिन्यावरून उतरता उतरता माझा निषेधाचा झेंडा दाखवून "लाल! जुई, लाल!" असं ओरडले आहे.

जुईने एके दिवशी सगळी कार्डं उलटी मांडली आणि त्यांवर बसली.

आप्पा हे सगळं बघत होते, बोलत काहीच नव्हते. त्यांचं ते स्वयंपाकघराच्या दाराचं काम चाललं होतं. ते दार उघडलं की किंकाळी फोडायचं. आप्पा बिजागरीपाशी उकिडवे बसले. थोड्या वेळाने जुई कार्डांवरून उठून त्यांच्याशेजारी उकिडवी बसली. आप्पांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. दार हलवलं: करर्र. एक डोळा मिटला. जुईने दोन्ही मिटले, एक मिटायला जमत नव्हता. बुधली काढली, दोन थेंब सोडले. दार हलवलं. आवाज नाही.

जुईने दाराकडे पाहिलं. मग बुधलीकडे. मग आप्पांकडे.

"तेल," आप्पा म्हणाले. एकदाच. आणि पुढच्या दाराकडे गेले.

मी जिन्यात उभी होते. म्हटलं, "आप्पा, दोन-तीनदा तरी म्हणा. लक्षात कसं राहणार तिच्या?"

"आधी बघू दे," आप्पा म्हणाले. "बघितल्याबिगर सांगितलं की त्यो शब्द खाली पडतो. उचलून कोन घेनार?"

मग त्यांनी मला डेपोतली पद्धत सांगितली. "आमच्याकडं नवीन भरती झाली की येक हेड मेकॅनिक पैल्याच दिवशी भिंतीवरची समदी हत्यारं दावायचा. ह्यो रिंग पाना, ह्यो डबल पाना, ह्यो पुलर. संध्याकाळी इचारलं की मानूस गप. मी तसं न्हाई केलं. म्या म्हनायचो, खोल हे चाक. त्यो गडी बोटानं नट फिरवून बघायचा. मग पक्कड लावायचा. घाम फुटला की आपसूक भिंतीकडं बघायचा. त्यानं बघितलं की मंग म्या म्हनायचो, पाना. येकदाच. जन्मात इसरायचा न्हाई."

हा माणूस मला शिकवत होता की टोमणा मारत होता, हे मला बरेच दिवस कळलं नाही. माझ्या पोटमाळ्यावर त्या वेळी न खपलेल्या पत्रकांचे दोन गठ्ठे पडून होते.

मे महिन्यात माती झाली. नेदरलँड्समध्ये लहान मुलांचं वजन, उंची, बोलणं तपासणारं सरकारी केंद्र असतं. करोनामुळे तिथल्या परिचारिकेने फोनवरच चौकशी केली. जुईला किती डच शब्द येतात? अर्चनाने सांगितलं, दोन. किंवा तीन. मग सल्ला आला: घरात एकच भाषा ठेवा, डच बोला, मुलीचा गोंधळ होतोय. सप्टेंबरमध्ये प्रत्यक्ष बोलावू. तोवर फरक पडला नाही तर पुढच्या तपासण्यांना पाठवू.

मी खवळले. मी खवळतेच, पण त्या दिवशी विशेष. दोन पिढ्यांना एकमेकांशी बोलू नका म्हणून सांगायचं, तेही फोनवर, तेही मुलीचं तोंड न बघता! अर्चना घाबरली होती आणि संदीप तिच्याहून जास्त. जेवताना तो आप्पांना म्हणाला, "आप्पा, थोडे दिवस. सप्टेंबरपर्यंत. तिच्यासमोर मराठी नको. तिच्याच भल्यासाठी."

आप्पांना डचमधला एक शब्द येत नव्हता. म्हणजे याचा अर्थ काय होतो ते टेबलावर बसलेल्या सगळ्यांना कळत होतं.

"बरं," आप्पा म्हणाले.

मी भांडले. संदीप म्हणाला, "रेवा, पोरगी माझी आहे. उद्या ती शाळेत मागे पडली तर तिच्याशेजारी बाकावर तुझं पत्रक बसणार आहे का?" मी पोटमाळ्यावर गेले आणि रात्रीतून पत्रक लिहिलं. 'मातृभाषा हा गुन्हा नाही!' मराठी आणि इंग्रजी. एक फ्रिजवर लावलं, एक त्या केंद्राला ईमेल केलं. केंद्राचं उत्तर आलं नाही. फ्रिजवरच्या पत्रकावर अर्चनाने दुसऱ्या दिवशी वाणसामानाची यादी लिहिली.

मग घर गप्प झालं. इतकं गप्प घर मी पाहिलेलं नाही. संदीपचं डच संध्याकाळच्या वर्गातलं. पाव घ्यायला आणि कचऱ्याची गाडी कधी येते ते विचारायला पुरेल एवढं. मराठीत त्या बापाकडे विनोद होते, लाड होते, लटका धाक होता. डचमध्ये त्याच्याकडे नुसत्या सूचना होत्या. ये. खा. नको. छान. झोप. अर्चना तर सूचना द्यायच्या आधी फोनमध्ये शब्द शोधायची, आणि तो सापडेपर्यंत जुईने दुसरंच काहीतरी सांडलेलं असायचं.

आप्पा ओठात खिळे धरलेल्या सुतारासारखे हिंडायचे. काम थांबवलं नव्हतं. जुई मागे मागे. माळ्याची खिडकी, न्हाणीघराची कडी, बागेच्या फाटकाची खिटी. दोघं उकिडवे बसणार, आवाज ऐकणार, तेल घालणार आणि एकमेकांकडे बघणार. तेल पडलं की जुई आप्पांच्या तोंडाकडे बघायची. वाट बघायची. आप्पा नजर खाली घालून चिंधीने बुधली पुसत बसायचे. आठ दिवस. मी मोठमोठे मोर्चे पाहिलेत, पण इतका शिस्तीचा बहिष्कार पाहिला नाही. आणि हा तर माणसाने स्वतःवरच घातलेला.

नवव्या दिवशी सकाळी शेजारच्या ट्रूसबाई सायकलवरून आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, ताठ, पांढरे कापलेले केस, आणि सायकल अशी की आधी आवाज यायचा आणि मग बाई. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, अर्चना कॉलवर, मी चहा घेत होते, आप्पा पायरीवर. मागच्या गल्लीतून आवाज आला: किर्रर्र, किर्रर्र. जुईने खेळणं टाकलं. आप्पांच्या डाव्या खिशात हात घातला, बुधली ओढून काढली, त्यांच्या हातात ठेवली आणि अगदी स्वच्छ म्हणाली,

"तेल."

आप्पा हलले नाहीत. बुधली हातात, नजर सुनेकडे. अर्चनाने कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यातून बँकेतलं कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं.

"आप्पा, बोला," अर्चना म्हणाली. "बोला हो. काय व्हायचं ते होऊ दे."

आप्पांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पोरीला कडेवर उचलून नाचवलं नाही. जसं काही मधले आठ दिवस झालेच नव्हते, असे म्हणाले, "व्हय. तेल. चल, त्या बाईंच्या सायकलला घालू."

संदीपला संध्याकाळी सांगितलं तेव्हा तो रागावला नाही. फ्रिजवरचं वाकडं झालेलं पत्रक त्याने सरळ केलं. शेवटी म्हणाला, "सप्टेंबरला पोरीला पुढे पाठवलं तर मात्र माझं ऐकायचं." आप्पा म्हणाले, "ऐकीन. आन् डच ट्रूसबाईंकडनं येईल की. त्यांची वस्तू, त्यांचा शब्द."

हा त्यांचा दुसरा नियम. ट्रूसबाईंची सायकल दुरुस्त करायची ठरली तेव्हा दीड मीटर अंतराचा प्रश्न आला. आप्पांनी खराट्याचा दांडा आडवा ठेवला, पलीकडे सायकल, त्याही पलीकडे अजून एक दांडा आणि ट्रूसबाई. त्या डचमध्ये बोलायच्या, आप्पा मराठीत, आणि दोघांना एकमेकांची अजिबात अडचण नव्हती. जुई सायकलकडे टक लावून बघायला लागली की आप्पा तोंड मिटून ट्रूसबाईंकडे हात करायचे. दुसऱ्या दिवसापर्यंत बाईंना खूण समजली. "फीट्स," बाई म्हणायच्या. जुईने चाकाला हात लावला की, "वील." साखळीला लावला की, "केटिंग." मी एकदा आप्पांना म्हटलं, तुम्ही 'सायकल' का सांगत नाही तिला?

"माजी सायकल आनली की सांगीन. दुसऱ्याच्या वस्तूला आपलं नाव चिकटवू न्हाई."

उन्हाळाभर शब्द येत गेले. आणि पोरगी ते मन मानेल तिथे वापरायला लागली. तेल म्हणजे आधी बुधलीतलं तेल. मग जे कुरकुरेल ते सगळं तेल. संदीप ऑनलाइन मीटिंगमध्ये त्याच्या साहेबांसमोर खोकायला लागला, जुई बुधली घेऊन दारात: "बाबा, तेल!" अर्चना कुणावर तरी फोनवर चिडली: "आई तेल." मी एकदा टॅबसमोर बसून आमच्या विद्यार्थी संघटनेच्या ऑनलाइन सभेत तावातावाने बोलत होते, घसा ताणून. मागून बाही ओढली गेली. "एवा, तेल." रेवाचा र तिला येत नव्हता. पडद्यावरच्या चौदा चौकोनांत मराठी कुणालाच कळत नव्हती आणि हसत मात्र सगळे होते, कारण माझ्या तोंडासमोर लांब चोचीची बुधली आली होती.

अर्चना सुधारायला धावायची. "नाही बाळा, असं नाही म्हणायचं, तेल म्हणजे..."

"खोडू नगंस," आप्पा म्हणायचे. "तिनं बराबर जागा धरलीया, फकस्त हत्यार चुकलंय. तू पुडचं हत्यार दे." आणि जुईला, अगदी कामगाराला सांगावं तसं, "बाबाला पानी. दाराला तेल. एवाताईला..." इथे थांबून माझ्याकडे बघून म्हणाले, "एवाताईला खुर्ची. बसू दे जरा."

'केटिंग'चंही तसंच. सायकलच्या साखळीवरून तो शब्द माझ्या गळ्यातल्या साखळीवर आला आणि तिथून अर्चनाच्या मंगळसूत्रावर. आम्ही हसलो. ट्रूसबाईंनी मात्र हसण्याचं कारण विचारलं, कारण डचमध्ये दोन्हींना केटिंगच म्हणतात. पोरगी आमच्यापेक्षा जास्त डच झाली होती आणि आम्हाला कळलंही नव्हतं.

यादी करायची कल्पना आप्पांची, कागद माझे. "तुजी ती पत्रकं हायत न्हवं, पाठकोरी? आन." मी पोटमाळ्यावरून गठ्ठा आणला. माझ्या घोषणांच्या पाठीवर आम्ही जुईचे शब्द लिहायला लागलो. आप्पांची अट एकच: नुसता शब्द लिहायचा नाही, कशाला म्हणाली तेही लिहायचं. 'पाणी: चहा, पाऊस, बाबाच्या लॅपटॉपवर सांडलेली कॉफी.' 'आयो: काहीही पडलं की.' 'वील: चाक, पोळी, ट्रूसबाईंचा चष्मा.' 'जा: मांजराला, एकदा मलाही.' प्रत्येक शब्दापुढे अर्चना कोणत्या भाषेतला ते लिहायची. सप्टेंबरपर्यंत दोन्ही भाषा मिळून शंभराच्या वर गेले, आणि माझ्या पत्रकांचा पहिल्यांदाच एवढा उपयोग झाला.

तपासणीच्या दिवशी केंद्रात मुलाबरोबर एकाच मोठ्या माणसाला प्रवेश होता. अर्चना आत गेली. मी आणि आप्पा बाहेर सायकली लावायच्या जागेत उभे राहिलो. तळमजल्याची खोली, पुरुषभर उंचीची काच, आणि हवा खेळती राहावी म्हणून वरची झडप उघडी. दिसतही होतं, ऐकूही येत होतं. तोवर माझं डच कामापुरतं झालं होतं.

परिचारिका तरुण होती, मास्क लावलेली, चाकं लावलेल्या ऑफिसच्या खुर्चीवर बसलेली. दुष्ट नव्हती. मला ती दुष्ट असायला हवी होती, हे कबूल करते. तिने चित्रांची कार्डं काढली. कुत्रा. हे काय आहे, जुई? जुई गप्प. चेंडू. गप्प. सफरचंद. मी काचेबाहेर दात खायला लागले. तीच कार्डं! अर्चनाने आमची यादी पुढे सरकवली. परिचारिकेने त्यावर हात ठेवला, नंतर बघू म्हणाली, आणि यादी कडेला ठेवून तिच्या फॉर्मकडे वळली. फॉर्मात डच शब्दांचा रकाना होता. दुसरा रकाना नव्हता. तिने पेन उचललं.

मी काचेवर थापा मारायला हात उगारला. शपथेवर सांगते, घोषणासुद्धा तयार होती. आप्पांनी माझी बाही धरली.

"थांब. बघू दे तिला."

"आप्पा, जुई काही बघत नाहीये!"

"जुई न्हवं," आप्पा म्हणाले. "बाई."

आणि मग मला दिसलं की जुई बघत होती. चित्रांकडे नाही. खुर्चीखाली. परिचारिका संगणकाकडे वळली की खुर्ची चिरकायची, फॉर्मकडे वळली की पुन्हा चिरकायची. जुई आईच्या मांडीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून गेली आणि खुर्चीपाशी उकिडवी बसली. एक डोळा मिटला. एकच! तो तिला कधी जमायला लागला मला माहीत नाही.

"वील," जुई म्हणाली, आणि मान वर करून, गंभीरपणे, "वील तेल."

"काय म्हणाली ती?" परिचारिकेने विचारलं. अर्चनाने सांगितलं.

परिचारिका थांबली. मग तिने मुद्दाम खुर्ची मागे-पुढे केली. चिर्र, चिर्र. वाकून खाली पाहिलं. तिथे जुईचं तोंड होतं आणि जुईचं बोट बरोबर त्या चाकावर होतं. मास्कच्या वर परिचारिकेचे डोळे बारीक झाले, हसत होती. ती सरळ झाली, फॉर्म बाजूला केला आणि कडेची आमची यादी ओढून घेतली. "हे मला वाचून दाखवाल?" ती अर्चनाला म्हणाली. "सगळ्या भाषांमधलं. एक एक."

वीस मिनिटं लागली. तिने फॉर्मच्या समासात, हाताने, छोट्या अक्षरांत लिहून घेतलं. शेवटी म्हणाली, सगळं मिळून मोजायला हवं होतं. मुलगी दोन भाषांचे शब्द जोडून बोलतेय, पुढे पाठवायची गरज मला दिसत नाही. आणि मग तिने विचारलं, तुमच्याकडे सर्वात जास्त सांगण्यासारखं कोणत्या भाषेत आहे? अर्चना म्हणाली, मराठीत. "मग मराठीत बोला," परिचारिका म्हणाली.

मी बाहेर उड्या मारत होते. सायकल लावायला आलेल्या एका गृहस्थाने अंतर राखून माझ्याभोवतीने लांबचा वळसा घेतला. आप्पांनी खिशातून चिंधी काढून डोळे पुसले की मास्कमुळे चष्म्यावर आलेली वाफ पुसली, ते मी विचारलं नाही.

"त्या खुर्चीला तेलानं भागायचं न्हाई," ते म्हणाले. "गिरीस लागंल."

त्यानंतरच्या आठवड्यात मी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात पत्रकं घेऊन गेले. दाराखालून सरकवली नाहीत. पाहणीला आलेल्या मालकाच्या माणसाला बुरशीच्या भिंतीसमोर नेलं आणि गप्प उभी राहिले. फार कठीण गेलं. त्याने भिंतीकडे पाहिलं, हात लावला, बोटाचा वास घेऊन बघितला आणि तोंड वाकडं केलं. तेव्हा कागद दिला. भिंत दुरुस्त झाली. सगळ्या नाही, ती एक झाली. बाकीच्यांसाठी भांडण चालू आहे आणि राहील.

शरद ऋतूत भारतात जाणाऱ्या विमानात आप्पांना जागा मिळाली. निघायच्या सकाळी त्यांनी बुधली रिकामी केली, साबणाने तीनदा धुतली आणि जुईच्या हातात दिली. विमानतळावर आत फक्त प्रवाशांना सोडत होते, म्हणून निरोप दारातच. नेमकं त्याच वेळी एक माणूस सामानाच्या ढकलगाड्यांची लांबच लांब आगगाडी ढकलत चालला होता आणि जुईचं सगळं लक्ष तिकडे.

"जुई, इकडे बघ! आप्पा चालले! टाटा कर, बघ!" अर्चनाने तिचं तोंड वळवायचा प्रयत्न केला.

"ऱ्हाऊ दे गं," आप्पा म्हणाले. "तिचं ध्यान तिकडं हाय." आणि स्वतःच तिच्या गालाला गाल लावून त्या गाड्यांकडे बघत उभे राहिले. "लांब," ते म्हणाले. "लांब," जुई म्हणाली. मग संदीपच्या पाठीवर थाप मारली, मला म्हणाले, "बसत जा जरा," आणि आपली ढकलगाडी घेऊन काचेच्या दारातून आत गेले.

त्यांच्या ढकलगाडीचं पुढचं चाक करकरत होतं. दार मिटायच्या आत आवाज बाहेर आला. जुईने झटक्यात मान वळवली.

"आप्पा! वील! तेल!"

आप्पा थांबले. वळले. मागच्या माणसाला हाताने पुढे जायला सांगितलं आणि भर रांगेत, माकडटोपी आणि मास्क घालून, चाकापाशी उकिडवे बसले. एक डोळा मिटून चाक हलवून पाहिलं. सवयीने हात डाव्या खिशात गेला. मग काचेतून जुईकडे बघत त्यांनी तो खिसा उलटा करून बाहेर काढला आणि रिकामा हात दाखवला.

अर्चनाच्या कडेवरून जुईने दोन्ही हातांनी बुधली उंच धरली होती.